मागच्या सीटचा कॅमशाफ्ट

३ फेब्रुवारी

आतू,

तर मग थोरलाच घ्यायचा, असं माझं जवळजवळ ठरलंय. तू मागच्या पत्रात "नीट विचार कर" एवढंच लिहिलंस आणि पुढचं सगळं पान रोपवेच्या मोटरच्या बेअरिंगवर खर्च केलंस. मग काय, तुझ्या वाटचा विचारही मीच करून टाकला.

परत पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुला तिथे कंट्रोल रूममध्ये बसल्या बसल्या डोळ्यांसमोर येईल. तू मला दिलेली गाडी, तुझी दोन सिलिंडरची म्हैस, आता माझी म्हैस झालीये. लांब जायचं तर तिच्यासारखी नाही, दिवसभर चालवा, कुरकुर नाही. पण जरा पिळलं की हिला धाप लागते. कार्बन साफ करायला इंजिनचं हेड उघडलंच होतं, म्हटलं त्याच खर्चात कॅमशाफ्टही बदलून टाकू. म्हणून गेले पार्ट्सच्या दुकानात. तिथल्या माणसाला सगळे 'कॅटलॉग' म्हणतात, कारण त्याला गिऱ्हाइकाचं नाव आठवत नाही पण पार्ट नंबर झोपेतून उठवलं तरी सांगेल. त्याने काउंटरवर कापड अंथरलं आणि दोन कॅमशाफ्ट शेजारी शेजारी ठेवले. एकाचे लोब, ते व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे, मूळच्यापेक्षा जरासेच फुगीर. तो धाकटा. दुसऱ्याचे, आई शप्पथ, काय ते लोब! तो थोरला. व्हॉल्व्ह जास्त उघडणार, जास्त वेळ उघडे राहणार, इंजिन पोटभर हवा घेणार.

मी थोरल्याच्या लोबवरून बोट फिरवलं. दातांच्या लॅबमध्ये दिवसभर मेणाच्या दाढा कोरते म्हणून तुम्ही सगळे मला हसता, पण दाढेचा उंचवटा केसभर चुकला की पेशंटचा जबडा महिनाभर ठणकतो. बोटाला कळतं गं. हा लोब म्हणत होता, चल.

मी धाकट्याबद्दल विचारलं तर कॅटलॉग म्हणाला, "तो काय, काका लोक लावतात."

झालं. विषय संपला.

आता खरी गोष्ट. एप्रिल संपला की तुझा रोपवे कायमचा बंद होणार. त्याआधी मी वर येतेय, घाटातून, गाडीवर. आणि एकटी नाही. मागे कोणीतरी असेल. वजन साधारण ऐंशी, गाडीवर बसायची अजिबात सवय नाही. कोण ते विचारू नकोस, मला शपथ घातलीये. पत्रात मी 'मागची सीट' एवढंच म्हणणार. खूप मिनतवाऱ्या केल्यावर मागची सीट 'हो' म्हणालीये, आणि घाटात काही वेडंवाकडं झालं तर ती जन्मात पुन्हा बसणार नाही. एकच चान्स आहे. म्हणून कॅम भारीच हवा.

बरोबर ना?

तुझी
ठिणगी

ता. क. बाबांनी निरोप दिलाय की एप्रिलमध्ये ऑफिसात ऑडिट आहे, त्यांना येणं अवघड दिसतंय.


११ फेब्रुवारी

ठिणगे,

तुझं पत्र दुपारच्या ट्रॉलीने आलं. टपालाची पिशवी मीच उतरवून घेते, त्यामुळे बाकीच्यांची पत्रं वाटायच्या आधी तुझं वाचून झालं. चार लोक दारात ताटकळत होते. त्यांना सांगितलं, मशीन गरम होतंय.

ऐंशी किलो, सवय नाही, नाव घ्यायचं नाही, वर शपथ. मी रोपवे चालवते म्हणून काय ढगातच राहते असं वाटलं का तुला? कोण आहे तो? काय करतो? तुझ्या आईला माहीत आहे का? मला सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण 'मागची सीट' म्हणे! आमच्या वेळी निदान 'एक मैत्रीण' म्हणायची पद्धत होती.

आता कॅमचं ऐक. लोब बघून कॅम घेणं म्हणजे बूट आवडले म्हणून दोन नंबर मोठे घेणं. आधी रेव्हची, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची, सुई बघ. दिवसभर चालवताना ती सुई कुठे रेंगाळते? तिथे तिचं घर. थोरला सुई वर असली की वाघ आहे, मी नाही म्हणत नाही. पण खाली त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदमच उघडे राहतात, आत घेतलेलं नीट आत राहत नाही, आणि मग इंजिन हिसके देतं. मधेच ओढतं, मधेच सोडतं. घाटातल्या वळणावर, मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा असताना, तुझी सुई खालीच असणार. तिथे वाघाचा काय उपयोग?

मागे कोणी असलं की माझं मीटर एकच. हेल्मेट. थ्रॉटल उघडताना, मिटताना मागच्याचं हेल्मेट तुझ्या हेल्मेटवर टक्कन आपटलं की समजायचं, हिसका बसला. तुला पुढे काही जाणवत नाही, तुझ्या हातात हँडल असतं. मागच्याच्या हातात काहीच नसतं. त्याला म्हणावं, लाजू नकोस, कमरेला धर.

एकटी फिरणार असशील तर थोरला. दोघं असाल तर धाकटा. मधलं काही नाही.

दादाचं ऑडिट कळलं. मागच्या वेळी गच्ची गळत होती. त्याआधी डोळे तपासायचे होते. मी इथे आल्यापासून त्याने एकदाही माझं घर पाहिलं नाही. आणि मी खाली येते तेव्हा हाच माणूस स्टँडवर माझ्या बसच्या कितीतरी आधी येऊन उभा असतो, पाण्याची बाटली घेऊन. मग इथे यायलाच याच्या पायात काय मोडतं, ते मला कळत नाही. त्याला म्हणावं, कारणं पाठवू नकोस, सरळ नाही म्हण. नाही ऐकून मला वाईट वाटत नाही. कारण ऐकून वाटतं.

आतू


१९ फेब्रुवारी, सकाळ

आतू,

घात झाला!!

चिडू नकोस. कॅटलॉगने थोरला ट्रायलवर दिला. कोणीतरी परत केलेला पीस होता, म्हणाला लावून बघ, नाही आवडला तर आण. असं कोणी म्हटलं तर माणूस काय करणार?

पण मी मूर्खासारखा बसवला नाही हं. लोब एवढे उंच, व्हॉल्व्ह एवढा खाली येणार, तर पिस्टन वर येताना दोघांची टक्कर तर होणार नाही ना, हे आधी बघायला नको? लोक त्यासाठी पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली माती लावतात. मी लॅबमधलं मेण आणलं. चाव्याचा ठसा घेतो ते, गुलाबी. पिस्टनवर पातळ थर दिला, व्हॉल्व्हला तेलाचं बोट लावलं, हेड ठेवलं, बोल्ट कसले, थोरला बसवून खुणा जुळवल्या आणि इंजिन हाताने हळूच फिरवलं. मग सगळं उघडून मेण काढलं आणि ब्लेडने मधोमध कापलं.

व्हॉल्व्हच्या ठशाखाली मेण कागदाएवढं उरलंय. कागद! इंजिन तापलं, रेव्ह वाढले की तेवढंही राहणार नाही. व्हॉल्व्ह वाकणार, पिस्टनला भोक पडणार, आणि मागची सीट घाटात भर उन्हात बसून माझ्या नावाने बोटं मोडणार. काय करू? पिस्टन घासू का? लॅबमध्ये घासायचं मशीन आहे, सर जेवायला गेले की...

लगेच लिही.

ठिणगी


१९ फेब्रुवारी, संध्याकाळ

आतू,

गास्केट!!!

हेड आणि सिलिंडरच्या मधलं ते चपटं हेड गास्केट घालायचंच राहिलं. शोधलं तर टेबलावर सापडलं, चहाच्या कपाखाली. मी त्यावर कप ठेवला होता. हेड तेवढं खाली बसलं होतं म्हणून मेण दबलं. आता गास्केट घालून परत केलं. मेण मस्त जाड आलंय. टक्कर नाही. सकाळचं पत्र फाडून टाक. पिस्टन घासायचं मी बोललेच नाही.

ठिणगी


२६ फेब्रुवारी

अगं बये,

दोन्ही पाकिटं एकाच पिशवीतून आली आणि मी आधी दुसरं फोडलं. 'गास्केट!!!'मधली उद्गारचिन्हं बघून मला वाटलं, लग्न ठरलं. मग पहिलं वाचलं आणि एवढी हसले की खालच्या स्टेशनवरून फोन आला, वर काही बिघाड आहे का म्हणून.

मेणाची कल्पना मात्र झकास. मी आयुष्यभर मुलांची माती वापरली आणि ती बोटांना चिकटून वैताग आला. ते गुलाबी मेण थोडं पाठव.

तर थोरला लावलासच. म्हणजे माझं पत्र वाचलंस, छान घडी घातलीस आणि ठेवून दिलंस. असू दे. काही गोष्टी कानाने ऐकल्याशिवाय पटत नाहीत. फक्त एक कर. तुझ्या त्या ऐंशी किलोला एकदम घाटात नेऊ नकोस. घरामागच्या टेकडीचा रस्ता आहे ना, वळणावळणाचा, तिथे एक चक्कर मारून आण. हेल्मेट काय म्हणतंय ते ऐक.

इथे माणसं येऊन मोजमापं घेऊन गेली. केबल उतरवणार, खांब तेवढे राहणार. मलाही हे घर सोडून घाटापलीकडच्या नव्या घरात जायचंय. शेवटच्या दिवशी शेवटची ट्रॉली मी थांबवायची आहे, लाल मूठ ओढून. समारंभ वगैरे काही नाही. पण इतकी वर्षं ती मूठ माझ्या हातात होती, तर त्या वेळी बाजूला घरचं कोणीतरी उभं असावं, असं वाटतं. तू येतेस म्हणा. आणि तुझा तो.

आतू


९ मार्च

आतू,

आधी चांगलं सांगते, कारण वाईट लिहायला हात उचलत नाहीये.

थोरला लावून स्टार्ट मारला तेव्हा म्हैस उभ्या उभ्याच गडगडायला लागली. गडग, गडग, मधेच थबकायची, परत गडग. शेजारचे काका पेपर खाली ठेवून बाहेर आले. हायवेवर नेली. सुई अर्ध्यावर जाईपर्यंत काही खास नाही. आणि मग, आतू, मागून कोणीतरी उचलून फेकल्यासारखं झालं! तोच रस्ता, तीच गाडी, तीच मी, आणि हँडल हलकं झालेलं. मी हेल्मेटच्या आत जोरजोरात ओरडत होते. पुढच्या एक्झिटला वळून परत आले आणि परत तेच केलं. मग परत. लॅबला उशीर झाला. सरांना सांगितलं, गाडी पंक्चर होती. सरांनी माझा चेहरा बघितला आणि म्हणाले, पंक्चर झालेली माणसं एवढी हसत नाहीत.

आता वाईट.

काल मागच्या सीटला टेकडीवर नेलं. आता थोडं सांगूनच टाकते, नाहीतर तुला कळणारच नाही. मागच्या सीटला गाडी लागते. कार, बस, काहीही. दोन वळणं झाली की चेहरा उतरतो, चौथ्या वळणाला पिशवी हवी. म्हणून कुठे जाणंच नाही. पण मध्यंतरी रिक्षा बंद होत्या तेव्हा मी गाडीवर बँकेत सोडलं, आणि काहीच झालं नाही! वारा लागतो, पुढचा रस्ता दिसतो, माझ्याबरोबर अंग कलतं, म्हणून असेल. उतरल्यावर मागची सीट स्वतःच चकित. तेव्हाच माझ्या डोक्यात हे सगळं आलं. घाट, तू, सगळं.

काल पहिल्या वळणाला टक. तू म्हणाली होतीस तसंच, हेल्मेटवर हेल्मेट. दुसऱ्याला टक-टक. मी गिअर कमी केला, रेव्ह वाढवले, तर थ्रॉटल सोडताना आणखी जोरात आपटलं. तिसऱ्या वळणाच्या आधी माझ्या खांद्यावर थाप. थांबवली. मागची सीट उतरून झाडामागे गेली आणि मग नुसते आवाज. परत आली तेव्हा चेहरा लॅबमधल्या प्लास्टरसारखा. खिशातून रुमाल काढला, चौकोनी घडी उलगडली, तोंड पुसलं, आणि पुन्हा तशीच चौकोनी घडी घालून रुमाल खिशात. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "राहू दे. तू जा एकटी. मी नेहमीसारखं काहीतरी कारण कळवतो."

आणि हेल्मेट माझ्या हातात देऊन चालत घरी.

आतू, मी तिथेच बसून राहिले. थोरला उभ्या उभ्या गडगडत होता आणि पहिल्यांदाच मला तो आवाज नकोसा वाटला.

ठिणगी


१६ मार्च

ठिणगे,

"नेहमीसारखं काहीतरी कारण कळवतो." कोणाला कळवतो? आणि रुमालाची चौकोनी घडी.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग खुर्ची ओढून खिडकीशी बसले. दोन ट्रॉल्या उशिरा सुटल्या.

आमच्या शाळेला बस होती. मी बसने यायचे आणि दादा चालत. रोज. मी खिडकीतून हात करायचे, तो रस्त्याच्या कडेने दप्तर घेऊन चाललेला असायचा. मी घरी सांगायचे, दादाला चालायला आवडतं. आई म्हणायची, शहाणा आहे. एकदा सहल होती, सगळे गेले, हा गेला नाही. पोट दुखतंय म्हणाला. मी परत आले तेव्हा अंगणात क्रिकेट खेळत होता. मला इतका राग आला होता, की याला आमच्याबरोबर यायचंच नसतं.

म्हणजे गच्ची, डोळे, ऑडिट. सगळं तेच.

आणि मी त्या बिचाऱ्याला तुझा कोणीतरी समजत बसले होते! त्याला धर म्हणाले, लाजू नकोस म्हणाले. देवा.

आता नीट ऐक. तू मला काहीही सांगितलेलं नाहीस, आणि मला काहीही कळलेलं नाही. त्याने इतकी वर्षं झाकून ठेवलंय, ते आपण ओरबाडून काढायचं नाही. त्याला सांगावंसं वाटलं तर सांगेल. पण तो आला पाहिजे. ठिणगे, तो आला पाहिजे. मला माझं घर त्याला दाखवायचंय. माझ्या खिडकीतून किती लांबपर्यंत दिसतं ते दाखवायचंय.

धाकटा लाव. कॅम फिरवणारी चेन बांधल्याशिवाय जुना कॅम उचलू नकोस, आत पडली तर पुढचे दोन दिवस मासे पकडल्यासारखे जातील. खुणा जुळवून झाल्या की हाताने फिरव आणि परत बघ. थ्रॉटलची केबल ढिली असेल तर घट्ट कर, निम्मा हिसका तिथेच असतो. आणि वळणाच्या आधी गिअर टाक, वळणात नको. वळणात त्याला फक्त रस्ता दिसू दे.

आतू

ता. क. आणि तो कोण आहे ते एकदा नीट सांग. म्हणजे तो दुसरा. असेल तर.


२७ मार्च

आतू,

दुसरा नाही. पहिलाही नाही. प्लीज.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी हेड-कव्हर उघडलं. चेन बांधायला लॅबमधली तार वापरली, दात सरळ करायच्या ब्रेसेसची. धाकटा द्यायला आलेला कॅटलॉग ते बघून म्हणाला, तुझ्या गाडीला आता हसायला हरकत नाही. थोरला काढून, पुसून, तेल लावून खोक्यात ठेवला. बाबा दारात उभे होते. मी तुला काही सांगितलेलंच नाही आणि तुला काही कळलेलंच नाही, असं धरून मी खोकं बंद करत राहिले. ते खोक्याकडे बघत म्हणाले, "आवडला होता ना तुला हा?"

मी म्हटलं, "हो."

"मग काढलास का?"

"आपटत होता."

बाबा आत गेले, आणि थोड्या वेळाने टॉर्च घेऊन आले. खुणा जुळवताना तो माझ्यावर धरून उभे राहिले. चुकीच्या जागी धरला होता, पण धरला होता.

धाकटा बसला. स्टार्ट मारला तर काय सांगू, गडगड नाही, थबकणं नाही, मांजर घुरघुरतं तसं. मला आधी जरा रडूच आलं. काका लोकांचा कॅम! मग एकटीच टेकडीवर गेले. तिसऱ्या गिअरमध्ये वळण घेतलं, थ्रॉटल हळूच उघडलं, आणि आतू, ती तिथूनच उचलत गेली. खालून. न कुरकुरता. लोणी कापल्यासारखी. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे तू सांगितलं होतंस, पण मला वाटलं होतं, तू समजूत घालतेयस.

रविवारी बाबांना म्हटलं, फक्त तिसऱ्या वळणापर्यंत. नको म्हणाले. आईने त्यांच्या हातात हेल्मेट दिलं आणि दार लावून घेतलं.

पहिलं वळण. काही नाही. दुसरं. काही नाही. तिसऱ्याच्या आधी खांद्यावर थाप. थांबवायला लागले तर मागून आवाज आला, "थांबतेस कशाला? पुढे ते तळं दिसतं का बघ, लहानपणी दिसायचं."

टेकडीच्या माथ्यापर्यंत एकही टक नाही!! वर उभे राहून त्यांनी तळं शोधलं. तिथे आता गोडाऊन आहे. तरी पाच मिनिटं तिकडेच बघत होते.

आता मी हे लिहितेय आणि ते शेजारी येऊन उभे राहिलेत. कोणाला लिहितेस म्हणाले. तुला म्हटलं. म्हणाले, खाली थोडी जागा सोड.

*चिमे,*
*मला गाडी लागते. बस, कार, सगळं. शाळेत असल्यापासून. मोठ्या भावाने वळणावर ओकायचं आणि धाकट्या बहिणीने पाठ चोळायची, हे मला सहन झालं नसतं. नंतर सांगायची वेळ निघून गेली. ऑडिट नाही. गच्चीही गळत नव्हती. डोळे मात्र खरंच तपासले होते.*
*येतोय.*
*दादा*


५ मे

आतू,

तुझ्याकडे काय झालं ते तुला माहीतच आहे, पण तुझ्या खिडकीतून घाटाचं शेवटचं वळण दिसत नाही, त्यामुळे तेवढं सांगते.

घाटाच्या पायथ्याशी बाबांनी लिंबू हुंगून घेतलं, रुमाल वरच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "चल." मग अर्ध्या घाटापर्यंत चकार शब्द नाही. मी आरशात बघत होते तर नुसतं हेल्मेट. मला वाटलं, संपलं, आता थाप येणार. वळणाआधी गिअर, वळणात गुळगुळीत, तू सांगितलंस तस्सं. आणि मग मागून गुणगुणणं ऐकू आलं. बाबा गात होते! बेसूर! आई म्हणते, लग्नानंतर तिने कधी ऐकलेलं नाही. शेवटच्या वळणाला तुझे खांब दिसले, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर बोटांनी ठेका धरला.

पुढचं तू पाहिलंस. पण मला एक क्षण परत लिहायचाय. तुझे साहेब आले आणि म्हणाले, "शेवटची ट्रॉली आहे, भाऊ म्हणून मान तुमचा, बसा, एक चक्कर मारा." आता कारण येणार, गुडघा म्हणतील, फोन आला म्हणतील. बाबा त्या हलणाऱ्या ट्रॉलीकडे बघून, सगळ्यांसमोर, अगदी मोकळ्या आवाजात म्हणाले, "नको. मला लागतं. मी हिच्याजवळ उभा राहतो." आणि राहिले. तू मूठ ओढलीस तेव्हा त्यांचा हात तुझ्या खांद्यावर होता. तू तोंड खिडकीकडे केलं होतंस, त्यामुळे मला दिसलं नाही, हसलीस की काय ते.

येताना घाट उतरल्यावर चहाला थांबलो. शेजारी दोन मुलं मोठ्या मोटरसायकलवर, कसला कॅम लावलाय त्यावर बोलत होती. बाबा खुर्ची त्यांच्याकडे वळवून म्हणाले, "मागे कोण बसतं तुमच्या?" मग बाबांनी त्यांना सुईचं घर, हेल्मेट, सगळं समजावून सांगितलं. निम्मं चुकीचं. मी मधे पडले नाही.

आता माझा प्रॉब्लेम.

थोरला अजून खोक्यात आहे. कॅटलॉग म्हणतो, ठेवायचा तर ठेव, नाहीतर परत दे, पण महिनाअखेर सांग. आणि मला जूनमध्ये सुट्टी मिळालीये, समुद्रापर्यंत एकटी जाणार आहे, सरळसोट हायवे, सुई दिवसभर वरच. थोरल्याचंच घर. काल जेवताना मी खोक्याकडे बघत होते तर बाबा म्हणाले, "लाव की. तुझी गाडी आहे. माझी काळजी करू नकोस, पिशवी घेऊन बसेन." आणि पाचच मिनिटांनी आईला विचारत होते, चिमीचं नवं घर घाटाच्या पलीकडेच आहे ना, पावसाळा संपला की रस्ता कसा असतो.

म्हणजे ते परत यायचं म्हणतायत. न विचारता.

हे बघ, जूनला थोरला आणि पावसाळा संपला की धाकटा, असंही करता येईल. पण मला माझा स्वभाव माहीत आहे. एकदा थोरला लावला की मी तो काढणार नाही. दर वेळी म्हणेन, पुढच्या रविवारी बदलते. आणि बाबा विचारणार नाहीत. ते मुकाट्याने एखादं कारण शोधतील.

दुसरीकडे, मी खोटं का बोलू? तो हायवेवरचा एक क्षण अजून माझ्या दोन्ही हातांत आहे. मला थोरला हवाय, आतू. खूप हवाय. धाकटा चांगला आहे, मी मान्य करते, बाबा त्याच्यावर गातात, तरीसुद्धा.

तू माझ्या वयाची असतीस, गाडी तुझी असती, आणि मागे दादा बसणार असता, तर तू कोणता लावला असतास? समजूत घालू नकोस. खरं सांग, तुला काय वाटतं?

ठिणगी